नखांची सुनावणी

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, तपासणीच्या खोलीत, एका म्हाताऱ्या करड्या बोक्यानं दाराच्या चौकटीवर पुढचे दोन्ही पंजे टेकवले, अंग ताणलं, आणि नखं घासल्यासारखे पंजे वरून खाली ओढले. आवाज आला नाही. एवढंच झालं. बोक्याला नखं नव्हतीच. तेरा वर्षांपूर्वी डॉक्टर मार्लिसनंच ती काढली होती, याच दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत. नखं काढली तरी मांजर जन्मभर असं करतंच. तिनं ते हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा मालकांना हसत सांगितलं होतं, ‘सवय हो, दुसरं काय!’ पण आज तिचे कान कसे कोण जाणे उघडे राहिले होते. पंजे खाली येताना तिनं त्या आवाजाची वाट पाहिली, लाकूड सोलल्यासारख्या त्या खरखरीची, आणि ती आली नाही तेव्हा, पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसा तिच्या पोटात एक हिसका बसला. बोका मात्र काम उरकल्यासारखा समाधानानं मागे वळला. “अजून वाटतं बिचाऱ्याला, आहेत म्हणून,” मालकीणबाई म्हणाल्या. मार्लिस हसली. ते हसणं नेहमीपेक्षा जरा लवकर संपलं.

खरं तर आज असल्या हिसक्याला जागाच नव्हती. पहाटेपासून तिच्या अंगात नुसतं कारंजं उडत होतं. सुपीरियर तलावावरचं बर्फ दोन दिवसांत फुटलं होतं. टेकडीवरून खाली पाहिलं की पांढऱ्यात काळ्याशार भेगा दिसत होत्या, आणि मोसमातली पहिली बोट आज बंदरात शिरणार म्हणून निम्मं गाव कामधाम सोडून खाली जायच्या तयारीत होतं. आणि चार वाजता नगरपरिषदेत सुनावणी होती. मांजरांची नखं काढण्यावर शहरात बंदी घालावी की नाही, याची. जनावरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं आपल्या बाजूनं बोलायला मार्लिस टॉर्गर्सनला निवडलं होतं. दुसरं कुणाला निवडणार? चौतीस वर्षांची प्रॅक्टिस, गावातल्या प्रत्येक तिसऱ्या घरातलं मांजर तिच्या टेबलावर येऊन गेलेलं, आणि बोलायला उभी राहिली की समोरच्याची बोलती बंद. शाळेत असताना वादविवादाच्या स्पर्धेत ती तीन वर्षं ओळीनं पहिली आली होती. जिंकताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. साठीतही त्या आज सकाळपासून गरम होत्या. तिला तीन मिनिटं मिळणार होती, हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. न्हाणीघरात आरशासमोर तिनं भाषण दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसवलं होतं, आणि शेवटचे दहा सेकंद मुद्दाम मोकळे ठेवले होते, शांततेसाठी. शेवटचं वाक्य संपलं की खाली बसायचं नाही, दहा सेकंद नुसतं बघत राहायचं. ते आठवूनच तिला गुदगुल्या होत होत्या.

गंमत म्हणजे विरुद्ध बाजूनं बोलणारी बाई त्याच दवाखान्यात, त्याच बेसिनवर हात धूत होती. रेनाटा चार वर्षांपूर्वी मुलाखतीला आली तेव्हाच म्हणाली होती, “मी सगळं करीन. नखं काढणार नाही.” तेव्हा मार्लिसनं तिला एका कुत्र्याची जखम शिवायला दिली होती, आणि ते टाके पाहून विचारलं होतं, सोमवारपासून येतेस का. तेव्हापासून नखांचं काम आलं की मार्लिस करायची, रेनाटा त्या दिवशी लसी टोचायची. घरातल्या दोन सुनांनी एकाच ओट्यावर आपापला कोपरा धरावा, तसं ते चाललं होतं.

“तुमची तीन मिनिटं, माझी तीन मिनिटं,” रेनाटा कोपरानं नळ बंद करत म्हणाली. “मग बर्गर कोण खिलवणार?”

“हरेल तो.”

“मग तुम्ही पर्स आणा बरोबर.”

“अगं, तू शेंबडी होतीस तेव्हापासून मी लोकांना गप्प करतेय. पुन्हा सांगते, ऐक. तू नखांबद्दल बोलणार, मी जिवांबद्दल. घरमालक म्हणतो, मांजराची नखं काढा नाहीतर मांजर काढा. काढलेलं मांजर कुठं जातं? बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात. तिथं जागा नसली की? मरणाची सुई. ती सुई कोण देतं? मी. तू आलीस त्याच्या आधी दर शुक्रवारी मीच जायचे.”

रेनाटाचा चेहरा जरा उतरला. हा मुद्दा खरा होता, आणि तो खरा आहे हे तिला ठाऊक होतं. “पण नखं काढलेली मांजरं चावतात, डॉक्टर,” ती म्हणाली. “आणि शीच्या डब्यातल्या मातीत पाय ठेवायला दुखतं म्हणून गादीवर घाण करतात, मग ती पण शेवटी निवाऱ्यातच येतात. त्यांचं कोण बोलणार?”

“वाईट हातांनी केलेली असतात ती.”

“आणि तुमच्या हातची?”

“माझ्या हातची लंगडत नाहीत,” मार्लिस म्हणाली, आणि पाळ्या पुन्हा गरम झाल्या.

हात. सगळं त्या हातांवर उभं होतं. दुपारपर्यंत ती खोल्याखोल्यांतून भिरभिरत राहिली, कॉफीचे चार कप झाले, पाचवा कुठंतरी ठेवून विसरली, आणि प्रत्येक वेळी खिशातला भाषणाचा कागद चाचपताना तिला स्वतःची बोटं जाणवत होती, लांब, कोरडी, कधीही न थरथरलेली. डॉक्टर स्वॅन्बर्गनं तिला शिकवलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. म्हातारा तोंडात न पेटवलेली सिगारेट धरून बोलायचा. ‘नख उपटायचं नसतं पोरी, ते हाडातून उगवतं. पेर काढायचं. बोटाचं शेवटचं पेर, सांध्यातून. दहा बोटं, दहा वेळा. सांधा सापडला की लोण्यात सुरी.’ आणि तिला सांधा सापडायचा. पहिल्याच खेपेला सापडला. दुसरे डॉक्टर खटाखट कात्री चालवायचे, ती पात्यानं अलगद सोडवायची. वर्षभरात गावात झालं, ‘टॉर्गर्सनबाईकडे ने, रक्ताचा थेंब येत नाही.’ त्या वाक्यावर तिनं दवाखाना उभा केला होता. आणि तरी आज, कारंजं असं उडत असताना, मध्येच दुसरंच काहीतरी वर येत होतं. त्या काळी दुखणं थांबवायचं औषध मांजराला द्यायची पद्धत नव्हती. भूल उतरली की पिंजऱ्यातलं मांजर पुढचे पाय झटकायचं, कशाला तरी चिकटलेत आणि सोडवायचेत असे, मग पिंजऱ्याच्या भिंतींवर अंग टाकायचं. एकदा, दोनदा, दहादा. स्वॅन्बर्ग रेडिओ मोठा करायचा. बातम्या, हवामान, मक्याचे भाव. ‘भूल असते ती, दुखणं नाही,’ तो म्हणायचा, आणि मग मांजर थकून निजलं की त्याच्या शीच्या डब्यात माती न घालता वर्तमानपत्राचे कपटे घालायचे, जखमेत जाऊ नये म्हणून. मार्लिसला तो आवाज किती वर्षांत आठवला नव्हता. पत्र्यावर धप्प होणारं ते मऊ अंग. आता औषधं आलीत, लेझर आलं, तो आवाज गेला. तर मग आत्ता, चार वाजायला तीन तास असताना, तो कशाला? तिनं सहावा कप ओतला आणि कपाटातला रेडिओ उगाचच हलवून पाहिला. तो कितीतरी वर्षांपासून बंदच होता.

तीन वाजता ती गाडी घेऊन आर्वो लेहतोच्या घरी गेली. आर्वो तिचा हुकमी एक्का होता. एकोणऐंशी वर्षांचा विधुर, हृदयात बसवलेली झडप, रक्त पातळ करायच्या गोळ्या. साधा ओरखडा उठला तरी रक्त अर्धा तास थांबायचं नाही. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको एलेन गेली आणि दुसऱ्याच महिन्यात मुलगी म्हणाली, हे मांजर घालवा. तेव्हा आर्वो त्या मांजरीला कोटाच्या आत घालून दवाखान्यात आला होता. ‘मार्लिस, काहीतरी कर. ही गेली तर त्या घरात मी बोलायचं कुणाशी, फ्रिजशी?’ मांजरीचं नाव पुल्ला, वेलदोड्याच्या गोड पावाचं नाव, रंगही तसाच खरपूस. मार्लिसनं पुल्लाची नखं काढली, आणि आर्वोचं घर बोलतं राहिलं. याहून चांगला साक्षीदार कुठून आणायचा? त्यानंही काय तयारी केली होती! लग्नातला निळा सूट, केसांना पाणी, आणि कोटाच्या दोन्ही बाह्या अगदी मनगटाखाली ओढलेल्या.

“माइकसमोर मी शेवटचा बोललो तो गोदीतल्या संपात,” गाडीत बसता बसता तो म्हणाला. “तेव्हा मला धक्के मारून खाली उतरवलं होतं.”

“आज कुणी नाही उतरवत. माझ्या आधी तुमचं नाव आहे.”

“आणि मीच उतरलो नाही तर?”

“लाल दिवा लागतो,” ती म्हणाली, आणि दोघं शाळा चुकवून निघाल्यासारखे हसले. उतारावर तलाव समोर उभा राहिला, एवढा उजेड की डोळे बारीक करावे लागत होते. रस्त्याच्या कडेनं वितळलेलं पाणी खळखळत चाललं होतं, लोक कोटाची बटणं उघडी टाकून खाली पुलाकडे चालले होते, कुणीतरी पोराला खांद्यावर घेतलं होतं. मार्लिसला राहवेना. एका हातानं चाक धरून ती भाषण म्हणायलाच लागली. आर्वो मान डोलवत होता. घरमालकांचा मुद्दा झाला, सुईचा मुद्दा झाला, मग तिचं आवडतं वाक्य आलं, जे ती चौतीस वर्षं घाबरलेल्या मालकांना सांगत आली होती. “माझे वडील इंग्वाल्ड टॉर्गर्सन लोखंडाच्या गोदीत कामाला होते. वॅगन जोडताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं गेली. त्यानंतरही ते तीस वर्षं अ‍ॅकॉर्डियन वाजवत होते. शरीर सावरतं. प्रेम करणारी माणसं असली की सावरतं.”

आर्वो मान डोलवायचा थांबला.

“छान आहे,” तो म्हणाला. “ते वाक्य ठेव. त्यांना काय कळतंय.”

“काय कळतंय म्हणजे?”

“म्हणजे इंग्वाल्डनं त्यानंतर वाजवलं नाही ना. तू लहान होतीस. दुसऱ्याच आठवड्यात तो वाद्य घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, घरात दिसलं की बोटं शिवशिवतात, नसलेली. तू ठेव. अजून आहे माझ्या तळघरात.” मग तिच्याकडे पाहून घाईनं, “अगं, पण वाक्य ठेव तू! भाषणात थोडं इकडं तिकडं चालतंच.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं. तिनं गाडी पुढं काढली, आणि एकाच वेळी रस्ता पाहिला आणि स्वयंपाकघर पाहिलं. वडील खिडकीपाशी बसलेले. मांडीवर अ‍ॅकॉर्डियन. ती नऊ वर्षांची, टेबलाखाली. आणि सूर? सूर कोणता होता? ती शोधायला लागली, सराईतपणे, पात्यानं सांधा शोधावा तसा, आणि सापडेना. वडिलांचा हात दिसत होता, बांधलेली बोटं दिसत होती, वाद्याचा भाता उघडत मिटत होता, पण त्यातून काही ऐकू येत नव्हतं. कदाचित आई पलीकडे तबकडी लावायची, ते सूर तिनं इथं आणून चिकटवले असतील. कदाचित त्यांनी पहिल्याच आठवड्यात एकदा मांडीवर घेऊन पाहिलं असेल आणि तिला तेवढंच दिसलं असेल. ते म्हणायचे, ‘अजून आठ आहेत.’ पाहुण्यांना सांगायचे, शेजाऱ्यांना सांगायचे, हसून. अजून आठ आहेत. आणि शर्टाची बटणं आई लावायची. हे तिला आता आठवलं. रोज सकाळी, पंधरा वर्षं, दारापाशी उभं राहून आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि तिला ते प्रेमच वाटायचं. असेलही प्रेम. पण बटणंही होतीच ना. तिच्या छातीत धडधड वाढली होती, आणि विचित्र असं की ती दुःखाची वाटत नव्हती. परीक्षेत पेपर हातात पडावा आणि पाठ केलेल्यातलं एकही येऊ नये, आणि तरी पेनाला हात शिवशिवावा, तशी.

सुनावणीच्या दालनात खुर्च्या पुरत नव्हत्या. एका बाजूला मांजराच्या पंजाचं चित्र छापलेले निळे शर्ट, दुसऱ्या बाजूला संघटनेचे लोक, कोट, फायली. संघटनेचा सचिव क्वॅले दुरून अंगठा दाखवत होता. कोपऱ्यात रेनाटा ओठ हलवत स्वतःशीच भाषण म्हणत होती. तिनं मार्लिसला पाहिलं आणि बर्गर खाल्ल्यासारखं तोंड केलं. मार्लिस हसून उत्तर द्यायला गेली आणि ते हसणं कुठं गेलं ते तिलाच कळलं नाही. रेनाटा बोलली. चांगलं बोलली. माणसांचे डॉक्टरसुद्धा आता रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना मांजराची नखं काढायला सांगत नाहीत, ती म्हणाली, कारण चावा ओरखड्याहून वाईट. एक बाई म्हणाली, माझ्या तान्ह्याच्या डोळ्याला नख लागलं तर परिषद येणार का? टाळ्या. एक माणूस म्हणाला, मग तान्ह्याचे दातही काढा, तेही चावतं. त्याहून मोठ्या टाळ्या. अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला. तेवढ्यात खालून बंदरातून बोटीचा भोंगा वाजला, एक लांब, दोन आखूड, आणि बोटीसाठी वर उचलल्या जाणाऱ्या पुलानंही भोंगा वाजवून उलट साद दिली, आणि सगळं दालन, दोन्ही बाजू, परिषदेच्या नऊच्या नऊ सदस्यांसकट, खिडकीकडे वळलं. क्षणभर सगळे एकाच गावचे झाले. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “आर्वो लेहतो.”

तो माइकसमोर उभा राहिला. आवाज एकदम मोठा फुटला. बायको गेल्याचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, फ्रिजचं सांगितलं, लोक हसले. तो खुलला. “आणि पाच वर्षांत,” त्यानं शपथेसारखा उजवा हात वर केला, “माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. एकही नाही.” हात वर गेला तशी बाही खाली घसरली. मनगटाच्या आतल्या बाजूला एक पट्टी होती. तिच्याखाली दुसरी. आणि त्यांच्याही खाली, बाहीत शिरणारी, पिवळट जांभळ्या डागांची ओळ, एकेका डागात दोन दोन टिंबं. मार्लिस पहिल्या रांगेत होती. इतर कुणाला ते दिसलं नसावं, आणि दिसलं तरी म्हाताऱ्या कातडीवर असतातच डाग. पण तिनं चौतीस वर्षं ती दोन टिंबं पाहिली होती. दातांची. एवढी उकाड्याची खोली, आणि तो बाह्या मनगटाखाली ओढून बसला होता. आणि दर दोन महिन्यांनी पुल्लाला तपासायला आणायचा तेव्हाही, ऐन जुलैत, लांब बाह्यांचा शर्ट. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला थंडी वाजते. तो लपवत होता. तिच्यापासून. तिनं एवढ्या मायेनं केलेलं काम वाया गेलं असं तिला वाटू नये म्हणून. आणि त्यानं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता, ओरखडा नव्हताच.

“मार्लिस टॉर्गर्सन.”

ती उठली. आर्वोनं बाजूनं जाताना तिच्या दंडावर थोपटलं, ‘उडव धुव्वा’ अशा अर्थानं. हिरवा दिवा लागला. तिनं कागद उघडला, पाहिला, मिटला. आत एवढी गडबड चालली होती की ती सगळ्यांना ऐकू जातेय असं तिला वाटलं, आणि तरी आवाज निघाला तो नेहमीचाच, सरळ.

“मी चौतीस वर्षं मांजरांची नखं काढतेय. आपण नखं म्हणतो. खरं तर बोटाचं शेवटचं पेर काढतो, हाडासकट. हे मालकांना सांगताना मी ‘पेर’ हा शब्द वापरत नव्हते. या कागदावर जे लिहिलंय ते चांगलं आहे, मी पाठ केलंय. त्यात एक वाक्य माझ्या वडिलांबद्दल आहे. ते खोटं आहे. मला ते आज दुपारी कळलं. त्यांची दोन पेरं गेली आणि ते वाजवायचे थांबले, आणि मी आयुष्यभर लोकांना सांगितलं की ते वाजवत होते. ते एक वाक्य निघाल्यावर आता बाकीच्या वाक्यांवर माझा भरवसा उरलेला नाही.” दालनात कुणीतरी खुर्ची सरकवली. क्वॅले उभा राहिला होता. “एक मुद्दा खरा आहे, तो मी सोडणार नाही. तुम्ही बंदी घातलीत तर काही घरमालक मांजरं बाहेर काढतील. काही निवाऱ्यात जातील, काही सुईखाली. ती सुई कदाचित मीच देईन. यावर माझ्याकडे उत्तर नाही. घरमालकांशी तुम्हाला भांडावं लागेल. पण मांजर भाडेकरू झालं म्हणून त्याची बोटं कापायची, हे उत्तर नव्हतं. ते सोपं होतं, आणि ते मला छान यायचं. फार छान यायचं. म्हणून मी कधी मागे वळून विचारलं नाही की नंतर काय झालं. मी विचारलं असतं, तर माझी माणसं मला खरं सांगतीलच असंही नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे.” ती आर्वोकडे बघणार नव्हती. तिनं बघितलं नाही. “मी बंदीच्या बाजूनं आहे.”

दिवा अजून हिरवाच होता. पिवळासुद्धा झाला नव्हता. शांततेसाठी राखलेल्या दहा सेकंदांच्या जागी आता एक मिनिट उरलं होतं आणि त्याचं काय करायचं ते तिला सुचेना, म्हणून ती खाली येऊन बसली. पाळ्या गरम झाल्या होत्या. जिंकल्यावर व्हायच्या तशाच. मग हे काय होतं? तिचे हात थरथरत होते. तिनं ते मांडीवर ठेवून पाहिले, कुतूहलानं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे, आणि तिला आतून हसू फुटायला लागलं, रडण्याला अगदी लागून असलेलं. पाच विरुद्ध चार मतांनी बंदी मंजूर झाली. तिच्या बोलण्यानं कुणाचं मत हललं की नाही, कुणी सांगावं. निळे शर्ट एकमेकांच्या गळ्यात पडले. क्वॅले तिच्या शेजारून तिच्याकडे न बघता गेला. रेनाटा आली आणि समोर उभी राहून म्हणाली, “आता बर्गरचं काय करायचं? हरलं कोण तेच कळत नाही.”

“उद्या,” मार्लिस म्हणाली. “मला आर्वोंना सोडायचंय.”

परतताना आर्वो खिडकीतून बाहेर बघत होता. उन्हं कलली होती, बोट धक्क्याला लागली होती, आणि लोक अजून पुलाच्या कठड्याला टेकून होते.

“तुझ्या बापाच्या वयाच्या माणसाला तू तोंडघशी पाडलंस,” चढ संपल्यावर तो म्हणाला.

“हो.”

“आधी सांगितलं असतंस तर निळा सूट तरी घातला नसता.”

“मला आधी माहीतच नव्हतं, आर्वो.”

यावर त्यानं मान हलवली. रागानं की पटलं म्हणून, ते तिला कळलं नाही. घराशी आल्यावर तो उतरला, आणि तीही उतरली, आणि त्यानं तिला ये म्हटलं नाही, पण दार उघडं टाकलं. स्वयंपाकघरात तिनं दिवा लावला, त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “बाही वर करा.” त्यानं आधी ती मनगटाशी घट्ट धरली. मग केली. कोपरापर्यंत होतं सगळं, जुनं, नवं, एक तर कालचंच, कडेनं सुजलेलं. तिनं कोमट पाण्यानं ते धुतलं, आणि उद्या सकाळी माणसांच्या डॉक्टरकडे नेणार म्हणून त्याला बजावलं. पुल्ला टेबलावर चढली. चढली म्हणजे आधी खुर्चीवर, मग टेबलावर, दोन टप्प्यांत, आणि उतरताना पुढचे पाय टेकवायच्या आधी तिनं एक क्षण थांबून अंग आखडलं. मार्लिस गुडघ्यांवर बसली. डावा पंजा हातात घेतला, आणि कधीही न चुकलेल्या बोटांनी दुसऱ्या बोटाच्या टोकाशी अगदी हलकं दाबलं. पुल्ला फिरून चावायला आली. मार्लिसनं हात काढला नाही.

पुढच्या आठवड्यात एक्स-रेमध्ये तिथं हाडाचे दोन बारीक तुकडे दिसणार होते, पाच वर्षांपूर्वी टॉर्गर्सनबाईंच्या हातून राहून गेलेले. ते रेनाटा काढणार होती, आणि मार्लिस दिव्याचा झोत धरून शेजारी उभी राहणार होती. पण तुकड्यांचं तिला आत्ताच, त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर, बोटांना कळलं होतं. तिनं ते त्याला सांगितलं. काही मागं न ठेवता, कुठं काय राहिलंय, का दुखतं, ती मांडीवरून उतरताना नेमकी तेव्हाच का चावत असेल, सगळं. आपल्या चुकीला तिनं चूकच म्हटलं. आर्वो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते राग नव्हता, आणि मतदानाचं तर तो विसरूनच गेला होता.

“म्हणजे,” तो म्हणाला, “ती मला चावते ते दुखतं म्हणून?”

“हो.”

“मी हात लावतो म्हणून नाही?”

“नाही.”

“मला वाटायचं...” तो थांबला. पुल्ला त्याच्या बुटांशी येऊन बसली होती, त्याच्याकडे पाठ करून. “एलेनची होती ना ती. मला वाटायचं, एलेनच्या जागी मी चालत नाही तिला. पाच वर्षं. रोज खायला घालायचो आणि म्हणायचो, बाई, मला तरी कुठं चालतंय. पण तिचा राग... तिचा माझ्यावर राग नाही?”

“नाही, आर्वो. तिचा तुमच्यावर राग नाही.”

तो खुर्चीतून पुढं झुकला. सूटचा खांदा उसवल्याचा आवाज आला, त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

“परत एकदा सांग,” तो म्हणाला.

तिनं सांगितलं. मग त्यानं आणखी एकदा विचारलं, आणि तिनं आणखी एकदा सांगितलं.